धावत्या ताऱ्यापुढची कमान वेगाबद्दल काय सांगते आणि काय सांगत नाही

आपण दापोली तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवता. भुजंगधारी तारकासमूहातील झीटा ऑफियुकी या ताऱ्याचे अवरक्त छायाचित्र आपण वर्गात दाखवले, तेव्हा ताऱ्यापुढची तांबूस कमान पाहून हर्णै बंदराकडच्या मुलांनी आपल्याला तीन गोष्टी विचारल्या. ट्रॉलरच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, लाट उठते ती पाण्यात, मग अवकाश पोकळ असेल तर ही लाट कशात उठली? तारा जितका वेगवान तितकी कमान मोठी होते का? आणि वाटेतला वायू व धूळ यांना तारा गिळतो, जाळतो, की त्यांच्यामुळे ताऱ्याचाच वेग मंदावतो? आपण लिहिता की पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण कसेबसे दिलेत, उरलेल्या दोहोंपाशी अडलात.

हे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वाटेतल्या वायूला प्रत्यक्ष भिडते कोण? होडीचे चित्र डोळ्यांपुढे असल्यामुळे आपण सहज गृहीत धरतो की ताऱ्याचा गोळा वायूला ढकलतो. तसे घडत नाही. ताऱ्याचा पृष्ठभाग त्या वायूला कधी स्पर्शही करत नाही. तो वायू अडवला जातो ताऱ्यापासून फार दूर, ताऱ्यातून निघालेल्या वाऱ्याकडून आणि प्रकाशाकडून, आणि ज्या ठिकाणी दोन दाब एकमेकांना तोलून धरतात त्या ठिकाणी कमान उभी राहते. एवढे ध्यानात घेतले की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आपोआप बाहेर येतात, आणि ती अपेक्षेच्या बरोबर उलट निघतात.

आधी पोकळीचा मुद्दा. किनाऱ्यावरील हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. ताऱ्यांमधल्या जागेत तेवढ्याच आकारमानात सरासरी एखादाच हायड्रोजनचा अणू सापडतो. दाट ढगांत ही संख्या शेकडो किंवा हजारोंवर जाते, तर जुन्या ताऱ्यांच्या स्फोटांनी तापवून रिकाम्या केलेल्या भागांत हजार घनसेंटिमीटर धुंडाळले तरी जेमतेम काही कण मिळतात. एवढ्या विरळ वायूत लाट कशी उठेल, ही मुलांची शंका म्हणूनच रास्त आहे. मात्र वायू प्रवाहासारखा वागेल की सुट्या कणांसारखा, हे केवळ घनतेवर ठरत नाही. एक कण दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी किती अंतर जातो, आणि आपण पाहत असलेली रचना त्या अंतराच्या मानाने किती मोठी आहे, यावर ते ठरते. घनसेंटिमीटरला एक अणू असलेल्या थंड वायूत अणू दोन धडकांच्या दरम्यान सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतराच्या काही दशपट प्रवास करतो. ताऱ्याच्या प्रकाशाने आयनीभूत झालेल्या, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून विद्युतभारित झालेल्या, वायूत विद्युतभार दुरूनही एकमेकांना जाणवत असल्याने हे अंतर त्याहून पुष्कळ कमी भरते. झीटा ऑफियुकीची कमान ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३५,००० पट दूर आहे. त्या प्रमाणावर पाहिले तर आपल्याला पोकळी वाटणारा हा वायू चांगला सलग प्रवाह ठरतो. शिवाय त्यात चुंबकीय क्षेत्र असते आणि तेही विद्युतभारित कणांना एकत्र बांधून ठेवते.

आता होडीची उपमा कुठवर चालते ते पाहू. माध्यमातून दाबाची वार्ता ज्या वेगाने पसरते त्याहून अधिक वेगाने एखादी वस्तू पुढे येत असेल, तर पुढच्या माध्यमाला बाजूला सरकण्याची सूचनाच मिळत नाही, आणि मग ते अचानक दाबले जाऊन आघाततरंग निर्माण होतो. साधारण ८,००० ते १०,००० अंश तापमानाच्या आयनीभूत वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास असतो. झीटा ऑफियुकी आपल्या परिसरातील वायूच्या तुलनेत सेकंदाला २५ ते ३० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे ध्वनीच्या अडीच-तीन पट. एवढ्यापुरती होडीची उपमा योग्य आहे. (होडीमागची लाट पाण्याच्या पृष्ठभागावरची असते आणि तिचे नियम निराळे असतात, म्हणून कमानीच्या कोनावरून ‘होडीसारखा’ हिशेब करण्याचा मोह मात्र टाळावा.)

उपमा तुटते ती यापुढे. होडीची लाट नाळेला चिकटून उठते. या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे आठपट, म्हणजे ५५ ते ५६ लाख किलोमीटर आहे, आणि कमान आहे जवळजवळ अर्ध्या प्रकाशवर्षावर. अर्थात ताऱ्याच्या त्रिज्येच्या सुमारे दहा लाख पट दूर! एवढ्या अंतरावर वायूला अडवणारी ‘नाळ’ ताऱ्याचा गोळा असूच शकत नाही.

ती नाळ म्हणजे ताऱ्याचा वारा. सूर्याच्या वीसपट वस्तुमान असलेला असा तारा प्रामुख्याने अतिनील प्रकाश देतो. त्याच्या वातावरणातील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, लोह यांसारख्या मूलद्रव्यांचे आयन आपापल्या ठरावीक तरंगलांबींवर हा प्रकाश शोषतात आणि त्या प्रत्येक शोषणात त्यांना बाहेरच्या दिशेने धक्का बसतो. या धक्क्यांच्या जोरावर वातावरणाचा बाहेरचा थर सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने उडून जातो. सूर्यही वारा सोडतो, पण वर्षाला त्याच्या वस्तुमानाचा साधारण ५० लाख कोटींवा भागच त्यात जातो. झीटा ऑफियुकीच्या बाबतीत कमानीवरून निघणारा अंदाज याच्या सुमारे दहा लाख पट आहे. त्या हिशेबाने हा तारा साधारण १४० वर्षांत एका पृथ्वीइतके द्रव्य वाऱ्यावर सोडतो.

हा वारा सर्व दिशांना पसरतो आणि पसरताना विरळ होत जातो, त्यामुळे त्याचा दाब अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समोरून येणाऱ्या वायूचा दाब मात्र वायूची घनता आणि सापेक्ष वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराएवढा असतो आणि तो ताऱ्यापासूनच्या अंतरावर अवलंबून नसतो. एक दाब घटत जाणारा, दुसरा स्थिर. ते जिथे सारखे होतात तिथे कमानीचे टोक असते. ताऱ्यापासून त्या टोकापर्यंतचे अंतर काढायचे तर वाऱ्यातून दर सेकंदाला जाणारे द्रव्य गुणिले वाऱ्याचा वेग, याला ४π, बाहेरची घनता आणि ताऱ्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. अकरावी-बारावीच्या मुलाला हे करता येते. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साडेचार कोटींवा भाग द्रव्य, १,५०० किलोमीटरचा वारा, २६.५ किलोमीटरचा ताऱ्याचा वेग आणि घनसेंटिमीटरला साडेतीन हायड्रोजन अणू (सोबतच्या हेलियमसह) घेतले तर उत्तर अर्ध्या प्रकाशवर्षाहून किंचित जास्त येते. अवरक्त चित्रातही कमान तेथेच आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या सूत्रातच आहे. ताऱ्याचा वेग छेदात आहे. वेग दुप्पट केला तर कमान निम्म्या अंतरावर येते, म्हणजे वेगवान ताऱ्याची कमान जवळ आणि लहान असते. मोठी कमान पाहून ‘हा तारा फार वेगात असणार’ असे म्हणणे साफ उलटे आहे, आणि बातम्यांतून ते सर्रास म्हटले जाते याची मला चीड येते. मोठी कमान बलवान वाऱ्यामुळे असू शकते, बाहेरचा वायू विरळ असल्यामुळे असू शकते, किंवा तारा संथ असल्यामुळेही असू शकते. वेग जास्त असेल तर कमानीतील वायू अधिक जोराने दाबला जातो आणि तिची झळाळी वाढू शकते, हे खरे, पण आकार आणि झळाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमानीच्या आकृतीविषयी फ्रान्सिस विल्किन यांनी १९९६ साली एक सुबक सूत्र दिले. आघातित थर अगदी पातळ आहे असे मानले, तर आकृती पूर्णपणे ठरून जाते आणि केवळ मोजपट्टी बदलते. ताऱ्याच्या बाजूला, गतीच्या काटकोनात, कमान ताऱ्यापासून टोकाच्या अंतराच्या √३ पट दूर असते. प्रत्यक्ष चित्रावर हे प्रमाण तपासणे हा मुलांसाठी चांगला उद्योग आहे. जुळले नाही तर बहुधा आपण कमानीकडे तिरके पाहत असतो, किंवा बाहेरच्या वायूची घनता एका बाजूला जास्त असते.

चित्रातील कमान एकाच रेषेसारखी दिसली तरी आत थर आहेत. ताऱ्यापासून बाहेर निघालो तर प्रथम मुक्तपणे वाहणारा वारा लागतो. पुढे तो एकाएकी अडतो, आणि १,५०० किलोमीटरचा वेग उष्णतेत बदलला म्हणजे तापमान तीन कोटी अंशांच्या घरात जाते. हा भाग इतका विरळ असतो की अवरक्त चित्रात तो दिसत नाही, क्ष-किरणांत मात्र झीटा ऑफियुकीभोवती अंधूक प्रभा दिसते आणि चंद्रा या उपग्रह-दुर्बिणीने ती टिपली आहे. २०२२ साली या ताऱ्याची जी सविस्तर संगणकीय प्रारूपे प्रसिद्ध झाली, त्यांतून येणारी क्ष-किरणांची तीव्रता निरीक्षणापेक्षा कमी भरली. उष्ण आणि थंड वायू त्यांच्या सीमेवर किती ढवळले जातात हे प्रारूपांत नीट पकडले गेलेले नाही, असे माझे मत आहे. या उष्ण भागाच्या पलीकडे, एका सीमेनंतर, बाहेरून गोळा झालेला वायू असतो. तो दाबला गेला की पटकन प्रकाश सोडून थंड होतो, म्हणून त्याची घनता नेहमीच्या चौपटीच्या मर्यादेवर थांबत नाही. ध्वनीच्या तिप्पट वेग असेल तर ती नऊपटीपर्यंत जाते, थर पातळ होतो आणि कधी कधी त्याला सुरकुत्या पडतात.

या सर्वांच्या आधी प्रकाश पोहोचलेला असतो. आघाततरंग येण्यापूर्वी ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पुढचा वायू आयनीभूत करून तापवून ठेवलेला असतो. झीटा ऑफियुकीभोवतीचा असा आयनीभूत प्रदेश आकाशात सुमारे दहा अंश रुंद आहे आणि कमान त्याच्या मानाने अगदी छोटी आहे. म्हणून ‘तारा आणि वायू यांची गाठ कुठे पडते’ याचे चोख उत्तर द्यायचे तर प्रथम प्रकाशाची गाठ पडते, मग आघाततरंगाची, आणि वाऱ्याची सर्वांत शेवटी. ताऱ्याची स्वतःची गाठ पडतच नाही.

धूळ जळते का? नाही. जळायला लागणारी परिस्थितीच तिथे नाही. ही धूळ म्हणजे सिलिकेट आणि कार्बन यांचे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे कण असतात, आणि वस्तुमानाने ती वायूच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी असते. ती ताऱ्यातून आलेली नसते, कारण इतक्या तप्त ताऱ्याच्या वाऱ्यात घन कण तयार होत नाहीत. ती वाटेतल्या वायूसोबत आधीपासून होती आणि कमानीत गोळा झाली. ताऱ्याच्या प्रकाशाने ती तापते, पण ‘तापते’ म्हणजे उणे २०० अंश सेल्सियसच्या आसपास येते. अशा तापमानाचे द्रव्य २४ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त तरंगलांबींवर चांगले चमकते, म्हणून स्पिट्झर आणि वाइज या दुर्बिणींच्या चित्रांत कमान इतकी उठून दिसते. चित्रातला तांबडा रंग हा २४ मायक्रॉनच्या प्रकाशाला आपण दिलेला रंग आहे. मुलांना हे आवर्जून सांगावे, नाहीतर ती ज्वाळाच समजतात.

धूळ आणि वायू नेहमी एकत्र चालतात असेही नाही. जड कण आघाततरंगाशी न थांबता पुढे घुसू शकतो. उलट, प्रकाशाचा दाब धुळीवर वायूपेक्षा कितीतरी जास्त जाणवत असल्याने, वारा दुबळा आणि तारा तेजस्वी असेल तर धूळ वायूच्याही आधी थोपवली जाते. मृग नक्षत्रातील सिग्मा ओरायनिसपुढची अवरक्त कमान अशी मुख्यत्वे प्रकाशाने अडवलेल्या धुळीची आहे, असा अर्थ २०१४ साली लावण्यात आला. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या दोन कमानींमागे एकीकडे वारा आणि दुसरीकडे प्रकाश असू शकतो. धुळीच्या कणांवर विद्युतभार किती आहे आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना वायूशी किती घट्ट जखडते, यावर हा निकाल अवलंबून असतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टींकडे येतो, कारण माझ्या कामाचा बराचसा वेळ यातच जातो. एखादा विद्यार्थी २४ मायक्रॉनच्या चित्रात कमान शोधून ‘पळता तारा सापडला’ म्हणत येतो, तेव्हा मी त्याला प्रथम ताऱ्याची आकाशातील प्रत्यक्ष सरक काढायला लावतो. बहुतेक ताऱ्यांसाठी गाया उपग्रहाची मोजमापे उपलब्ध आहेत, फार ठळक ताऱ्यांसाठी जुन्या हिप्पार्कसची वापरावी लागतात. या सरकीतून सूर्याची स्वतःची गती आणि आकाशगंगेच्या फिरण्याचा भाग वजा केल्यावर जे उरते, ती ताऱ्याची परिसराच्या तुलनेतील गती. ती बाणाने चित्रावर काढायची आणि कमानीचे टोक त्याच दिशेला आहे का ते पाहायचे. पुष्कळदा ते नसते.

नसण्याचे एक महत्त्वाचे कारण असे की तारा जवळजवळ स्थिर असतो आणि वायूच त्याच्यावर चालून येत असतो. दाबाच्या समीकरणात फक्त सापेक्ष वेग येतो. कोण हलते आहे हे त्या समीकरणाला कळत नाही. मोठ्या तारकागुच्छाच्या तेजोमेघातून उष्ण वायू बाहेर ओसंडत असेल, तर कडेच्या ताऱ्यांभोवतीच्या कमानी गुच्छाकडे तोंड करून उभ्या राहतात. एम १७ आणि आरसीडब्ल्यू ४९ या तेजोमेघांत अशा कमानी २००८ साली दाखवण्यात आल्या. आपल्या आकाशगंगेतील ७०९ संभाव्य कमानींची एक मोठी यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे गायाची मोजमापे हाती आल्यावर त्यांतील बरेच तारे पळत्या ताऱ्यासाठीच्या सेकंदाला ३० किलोमीटर या प्रचलित मर्यादेपेक्षा संथ निघाले. म्हणून केवळ कमान पाहून ताऱ्याला पळता म्हणू नये, हा नियम मी स्वतः पाळतो आणि विद्यार्थ्यांनाही पाळायला लावतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. तारा खरोखर वेगात असूनही कमान दिसत नाही, असे बहुतेक वेळा घडते. दहा लाख अंशांच्या विरळ वायूत ध्वनीचा वेगच सेकंदाला शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. तिथून तीस-चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या ताऱ्यापुढे आघाततरंग बनणार नाही, आणि बनला तरी चमकायला धूळ पुरेशी नसते. आपला सूर्यही स्थानिक वायूतून सेकंदाला सुमारे २३ ते २६ किलोमीटर वेगाने जातो, तरी २०१२ साली आयबेक्स उपग्रहाच्या मोजमापांवरून असे मांडले गेले की त्याच्यापुढे खरा आघाततरंग नसून सौम्य लाट असावी, कारण स्थानिक चुंबकीय क्षेत्र धरले तर हा वेग पुरेसा पडत नाही.

बाहेरच्या वायूची घनता ही सर्वांत मोठी अडचण आहे. वाऱ्याचा वेग वर्णरेषांवरून, म्हणजे आयनांनी ठरावीक तरंगलांबींवर शोषलेल्या प्रकाशाच्या खुणांवरून, मिळतो, ताऱ्याचा वेग वर सांगितल्याप्रमाणे काढता येतो, कमानीचे अंतर चित्रावर मोजता येते. घनता मात्र थेट मोजता येत नाही. ती कमानीच्या झळाळीवरून किंवा आयनीभूत प्रदेशाच्या आकारावरून अदमासाने काढावी लागते, आणि तिच्यात दुपटीची चूक झाली तर वाऱ्यातील द्रव्याच्या अंदाजातही दुपटीची चूक येते. तरीही हा मार्ग मी मोलाचा मानतो, कारण वाऱ्याचे माप काढण्याचे इतर मार्ग इथे एकमेकांशी भांडतात. झीटा ऑफियुकीसारख्या ताऱ्यांसाठी सिद्धान्ताने अपेक्षिलेला वारा बराच जोरकस आहे, अतिनील वर्णरेषांवरून येणारा वारा त्याहून दहा ते शंभर पट दुबळा आहे, आणि कमानीवरून येणारा आकडा या दोहोंच्या मध्ये बसतो. कमानीचे खरे शास्त्रीय मोल इथे आहे. वर्णरेषांशी काहीही संबंध नसलेला तो एक स्वतंत्र साक्षीदार आहे.

हे तारे मुळात कशामुळे पळतात, हेही थोडक्यात सांगतो. डच खगोलशास्त्रज्ञ आड्रियान ब्लाव यांनी १९६१ साली मांडले की जोडीतील मोठ्या ताऱ्याचा स्फोट होऊन त्याचे बहुतेक द्रव्य उडून गेले की दुसरा तारा आपल्या कक्षेतील वेगासह सुटतो. १९६७ साली पोवेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग सुचवला: दाट तारकागुच्छात ताऱ्यांची आणि जोड्यांची जवळून गाठ पडली की एखादा तारा गोफणला जातो. सारथी तारकासमूहातील एई ऑरिगी आणि कपोतातील म्यू कोलंबी हे दोन तारे आज मृगाच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत, आणि त्यांचे मार्ग मागे नेले तर सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी ते ओरायन तेजोमेघाच्या परिसरात एकत्र येतात. ही दुसऱ्या प्रकारची घटना मानली जाते. झीटा ऑफियुकी पहिल्या प्रकारचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचा आणि एका स्पंदकाचा (अशा स्फोटानंतर उरणाऱ्या, नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्याचा) मार्ग मागे नेऊन सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी दोघे एकाच ठिकाणी होते असे दाखवले.

तिसरा प्रश्न उरला: वायू ताऱ्याला रोखतो का? इथे होडीची उपमा सर्वांत जास्त फसवते. पाणी होडीच्या अंगाला लागते म्हणून इंजिन बंद केले की होडी थांबते. ताऱ्याच्या बाबतीत बाहेरचा वायू वाऱ्याला अडवतो, ताऱ्याला नाही. वारा ताऱ्यापासून सर्व दिशांना सारखाच निघतो, आणि तो ध्वनीपेक्षा अनेक पट वेगाने बाहेर जात असल्यामुळे पुढे अर्ध्या प्रकाशवर्षावर काय घडले त्याची वार्ता उलट वाहत ताऱ्यापर्यंत येऊच शकत नाही. म्हणून ताऱ्याला मागे खेचणारा दाब जाणवत नाही. उरते ते गुरुत्वाकर्षण, आणि ते पाहिले तर कमानीतील द्रव्य ताऱ्याला उलट पुढच्या बाजूलाच किंचित ओढते, पण तो परिणाम नगण्य आहे. वायू गिळण्याचाही प्रश्न येत नाही. या वेगाला ताऱ्याचे गुरुत्व ज्या अंतरापर्यंत वायू पकडू शकले असते ते सूर्य-पृथ्वी अंतराच्या काही दशपटच आहे, आणि तो प्रदेश वाऱ्याने केव्हाच साफ केलेला असतो. सेकंदाला ३० किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षांत सुमारे शंभर प्रकाशवर्षे. हा तारा त्याच वेगाने चालत राहील आणि आयुष्याच्या शेवटी, जिथे असेल तिथे, स्वतः स्फोट पावेल.

आपण जाता जाता विचारले होते की या विषयावर आपल्याकडे निरीक्षण होऊ शकते का. होऊ शकते. हंस तारकासमूहाकडील बीडी +४३ ३६५४ या प्रचंड ताऱ्याच्या कमानीतून येणाऱ्या रेडिओलहरी केवळ उष्णतेच्या नाहीत, आघाताने वेग दिलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना त्या सोडतात, असे २०१० साली अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीने दाखवले. असे प्रारण कमी वारंवारितेकडे अधिक प्रबळ होते, आणि घाट चढून गेल्यावर नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी ही ३० तबकड्यांची दुर्बीण नेमकी कमी वारंवारितांसाठी बांधलेली आहे.

वर्गासाठी मात्र एवढे लांब जायला नको. कमान नुसत्या डोळ्यांना किंवा शाळेच्या दुर्बिणीला दिसणार नाही. तारा सहज दिसतो. मे महिन्यात रात्री दहाच्या पुढे आग्नेयेला वृश्चिकातील तांबडी ज्येष्ठा शोधावी, तिच्या उत्तरेला साधारण सोळा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीवर, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या मधला हा तारा आहे. वाटेतल्या धुळीने त्याचा प्रकाश बराच अडवला आहे. ती नसती तर तो आकाशातील ठळक ताऱ्यांत गणला गेला असता. पावसाळा आडवा आला तर दसऱ्याच्या सुमारास काळोख पडल्यावर तो पश्चिमेला समुद्राच्या वर मिळेल.

कमानीसाठी ‘अलादीन’ या मोफत आकाशनकाशात वाइजचे २२ मायक्रॉनचे चित्र उघडावे, ताऱ्यापासून कमानीच्या टोकापर्यंतचा कोन मोजायला सांगावा. तो सुमारे पाच कलांचा येईल (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ताऱ्याचे अंतर हिप्पार्कसच्या मोजमापांवरून साधारण ३७० प्रकाशवर्षे घेतले तर कमान अर्ध्या प्रकाशवर्षाहून किंचित जास्त दूर पडते. नासाच्या चित्रांखाली बहुधा ४४० प्रकाशवर्षे लिहिलेले असते, तो आकडा घेतला तर उत्तर जवळजवळ एकपंचमांशाने वाढते. मुलांच्या दोन गटांना दोन अंतरे द्यावीत, वर दिलेल्या समीकरणातून वाऱ्यातील द्रव्य काढायला लावावे आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहावीत. अंतर वर्गात येत असल्याने ती सुमारे ४० टक्क्यांनी वेगळी येतील. ‘मग बरोबर कोणते’ हा प्रश्न त्यानंतर मुलेच विचारतील, आणि घनता दुप्पट धरून तिसरा स्तंभ मांडायला तीच चांगली वेळ आहे.